हरभऱ्याच्या झाडावर सात फूट दोन इंच

गेल्या कोजागिरीला मयूर विहारमधल्या एका मराठी घराच्या गच्चीवर आम्ही बारा-तेरा जण जमलो होतो. दिल्लीत ऑक्टोबरातला चंद्र धुरकटच उगवतो, पण दूध नीट आटवलेलं असलं की त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. क्रिकेटचं बोलून झालं, मग विषय कुणाच्या तरी मुलाच्या बास्केटबॉल कोचिंगच्या फीवर आला, तिथून एनबीएवर, आणि यजमानांनी सगळ्यांना कामाला लावलं: प्रत्येकाने एक ‘ओव्हररेटेड’ खेळाडू सांगायचा. वेस्टब्रुक झाला, हार्डन झाला. एका तरुणाने कोबी ब्रायंटचं नाव घेतलं तेव्हा दोघे जण तावातावाने उठूनच उभे राहिले. मग एक निवृत्त पत्रकार म्हणाले, “परदेशी कशाला? आपला सतनाम सिंग घ्या. एनबीएत गेला, एनबीएत गेला म्हणून केवढे नाचलो आपण. एक मॅच खेळला नाही. आता टीव्हीवर कुस्त्या करतो.”

सगळे हसले. मीही हसले. घरी परतताना मेट्रोत मात्र त्या हसण्याची लाज वाटू लागली, कारण त्या नाचात ढोल वाजवणाऱ्यांपैकी एक मी होते आणि हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सतनाम सिंग ओव्हररेटेड नव्हता. त्याच्याविषयी आपण जे वाचलं ते चुकीचं भाषांतर होतं, आणि मराठीपुरतं बोलायचं तर त्यातलं थोडं माझ्या हातून झालेलं आहे.

२०१५ च्या जुलैची गोष्ट. एका जाहिरात संस्थेचा फोन आला. शाळांमध्ये वाटायची सोळा पानी पुस्तिका होती, मूळ इंग्रजी, आणि ती हिंदी, पंजाबी, तमिळ, मराठीत हवी होती. शब्दाला सव्वा रुपया, मुदत दोन दिवस. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के या गावचा मुलगा, उंची सात फूट दोन इंच, २५ जून २०१५ च्या रात्री एनबीएच्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने घेतलेला, असा विषय. मूळ मजकुरात ‘ड्राफ्टेड’ हा शब्द सात वेळा होता. सातही वेळा मी लिहिलं: ‘निवड झाली’.

आता मराठी वाचकाच्या डोक्यात ‘निवड झाली’ म्हणजे काय ते पाहा. हा शब्द आपल्याकडे क्रिकेटने घडवला आहे. निवड समिती बसते, बैठक संपते, यादी बाहेर येते, आणि ज्याचं नाव यादीत तो संघात. फार तर बारावा गडी म्हणून मैदानावर पाणी नेईल, पण अंगावर भारताचा स्वेटर असेल. मुंबईच्या आणि विदर्भाच्या कितीतरी घरांत त्या यादीसाठी रेडिओला कान लावून बसलेले लोक मी पाहिले आहेत. निवड हा शेवट आहे. त्याआधीची सगळी वर्षं त्यासाठी झिजवायची असतात.

ड्राफ्ट ही सुरुवात आहे, आणि तीही पक्की नव्हे. एनबीएचे ३० संघ, दोन फेऱ्या, एकूण ६० नावं. तुमचं नाव पुकारलं गेलं म्हणजे एवढंच झालं की त्या लीगमध्ये तुमच्याशी करार करण्याचा हक्क त्या एका संघाकडे गेला. पहिल्या फेरीतल्यांना ठरलेल्या श्रेणीप्रमाणे हमीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीतल्यांना काहीच हमी नसते. सराव शिबिरात या, दाखवा, जमलं तर बघू. सतनाम ५२वा होता. साठातल्या शेवटच्या दहा-बारा जणांपैकी कित्येक जण एनबीएत एक मिनिटही खेळत नाहीत, आणि अमेरिकेत कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही. ते तसंच असतं.

हे मला तेव्हा माहीत होतं. नागपूरला शाळेत आणि कॉलेजात मी स्वतः खेळले आहे, गार्ड म्हणून, मे महिन्यात तापणाऱ्या सिमेंटच्या कोर्टवर; केबलवर जॉर्डन पाहत मोठी झालेली पिढी आमची. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना एका भाषेतली संकल्पना दुसरीत नेताना काय सांडतं यावर मी एक अख्खा पेपर लिहिला होता. तरी ‘निवड’ लिहिलं. कारण ते मथळ्यात बसतं, वाचकाला अडखळवत नाही आणि दोन दिवसांची मुदत असते. मी एकटीच नव्हे. त्या आठवड्यातल्या हिंदी आणि मराठी बातम्यांमध्ये हाच शब्द होता.

मग अकरा वर्षांच्या पोराने पुस्तिका वाचून काय समजायचं? की सतनाम एनबीए खेळणार. आणि तो खेळला नाही, तेव्हा त्या पोराने मोठं होऊन काय म्हणायचं? ओव्हररेटेड.

त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये आणखी एक गोंधळ आधीच झालेला होता. टोरंटोचा सिम भुल्लर, सात फूट पाच इंच, सॅक्रामेंटो किंग्जने दहा दिवसांच्या करारावर घेतला आणि तो खरोखर कोर्टवर उतरला. तीन सामने, एकूण दोन गुण. तो भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू. सतनाम भारतात जन्मलेला, ड्राफ्टमध्ये घेतला गेलेला पहिला. आपल्या मथळ्यांत दोघेही ‘पहिला भारतीय’ झाले. दोन वेगळी विशेषणं एकमेकांत विरघळली की मागे उरतं ते नुसतं फुगलेलं नाम.

तुलना तर त्याहून वाईट होती. ‘भारताचा याओ मिंग’. हेही माझ्या पुस्तिकेत होतं, पान चार. याओ मिंग २००२ साली ड्राफ्टमध्ये पहिला होता. त्याआधी तो शांघायच्या संघाकडून चिनी लीगमध्ये पाच हंगाम खेळला होता आणि ड्राफ्टच्याच वर्षी त्या संघाने विजेतेपद मिळवलं होतं. चीनची ती लीग १९९५ पासून चालू होती. आणि आपल्याकडे? २०१५ च्या मार्चमध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या दोन निवडणुका झाल्या आणि दोन अध्यक्ष निवडून आले, एका बाजूला के. गोविंदराज, दुसऱ्या बाजूला पूनम महाजन. आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे गोविंदराज यांच्या बाजूला मान्यता दिली, पण ज्या वर्षी एका पोराकडे ‘सव्वाशे कोटींत एक’ म्हणून बोट दाखवलं जात होतं त्या वर्षी त्याच्या खेळाला एक अध्यक्षसुद्धा धड नव्हता. तुलना करायला दोन गोष्टी एका पातळीवर असाव्या लागतात हे तौलनिक साहित्याच्या पहिल्या वर्गात सांगतात. पहिल्या क्रमांकाची आणि बावन्नाव्या क्रमांकाची तुलना करून मग बावन्नावा पहिल्याइतका निघाला नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा, हा कुठला न्याय?

सतनामचा प्रवास साध्या शब्दांत सांगितला तर त्यात फुगवण्यासारखं काही लागतच नाही. लुधियानाच्या अकादमीतून तो २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या शाळेत गेला. पंजाबी येत होतं, इंग्रजी जवळजवळ नाही. अमेरिकेत बहुतेक खेळाडू ड्राफ्टआधी एक-दोन वर्षं तरी कॉलेजसाठी खेळतात. त्या कॉलेज बास्केटबॉलला लागणारी अभ्यासातली पात्रता त्याला गाठता आली नाही. म्हणजे परक्या भाषेतल्या परीक्षेने त्याचा मधला जिनाच काढून घेतला आणि एकोणिसाव्या वर्षी त्याला शाळेतून थेट गच्चीवर उडी मारावी लागली. अनेक भाषांत वावरणाऱ्या या नियतकालिकाच्या वाचकांना हे जास्त समजावून सांगायची गरज नसावी.

त्यात वेळ काय साधली! त्याच्या ड्राफ्टच्या नऊच दिवस आधी, १६ जूनला, गोल्डन स्टेट वॉरियर्सने अंतिम मालिका जिंकली होती. मालिकेत १-२ ने मागे असताना त्यांनी चौथ्या सामन्याला सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचातून काढलं आणि त्याच्या जागी सहा फूट सहा इंचांचा इग्वाडाला आणला. तिथून पुढे सलग तीन सामने जिंकले. उंच, जड, बास्केटखाली उभा राहणारा सेंटर ही चीज बाजारात स्वस्त होऊ लागली ती त्याच उन्हाळ्यात. सतनामकडे विकायला तीच एक चीज होती. डॅलसने त्याला टेक्सस लेजंड्स या आपल्या दुय्यम संघाकडे पाठवलं. तिथे दोन हंगाम, बहुतेक वेळ बाकावर. मग भारतातली एक छोटी लीग, मग कॅनडा. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत अडकला आणि पुढच्या डिसेंबरात दोन वर्षांची बंदी जाहीर झाली. ते मी झाकू इच्छित नाही. २०२१ मध्ये एका अमेरिकन कुस्ती कंपनीने त्याला करारबद्ध केलं. (कोल्हापूरकरांनी ‘कुस्ती’ या शब्दाबद्दल माफ करावं, तिथे माती नसते.)

यात ‘रेटिंग’ कुणी केलं? डॅलसने केलं: ५२. अगदी बेताचं, आणि फारसं चुकलंही नाही. बाकी सगळं रेटिंग आपण केलं.

इथे मला ‘ओव्हररेटेड’ या शब्दाशीच भांडायचं आहे. या शब्दात कर्ता गायब असतो. कुणी रेट केलं, कधी, कशाच्या आधारावर, हे न सांगता नुसतं विशेषण खेळाडूच्या पाठीवर चिकटवता येतं, जणू त्यानेच आपली किंमत वाढवून लावली होती. मराठीत हे इतकं सोपं जात नाही. आपण म्हणतो ‘डोक्यावर घेतलं’, आणि लगेच प्रश्न येतो, कुणाच्या डोक्यावर? आपण म्हणतो ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवलं’. हरभऱ्याचं झाड जेमतेम गुडघ्याएवढं. त्यावर कुणी चढूच शकत नाही, तरी चढवणारा भेटतो, आणि म्हण हसते ती चढवणाऱ्याच्या लबाडीवर आणि चढणाऱ्याच्या भोळेपणावर, दोन्हींवर. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ यातसुद्धा नाव सोनूबाईने स्वतः ठेवलेलं नाही; बारशाला कुणीतरी आत्या होती. ओव्हररेटेड म्हणताना आपण आत्याला सोडून देतो.

कुणी म्हणेल, शब्दांचा कीस काढतेय बाई. तर माझ्या भाच्याकडे चला.

भाचा सोळा वर्षांचा आहे, नोएडाला राहतो आणि सोसायटीच्या कोर्टवर रोज संध्याकाळी खेळतो. त्या कोर्टवर सहा-सात मुलांची जी सभा भरते तिथे ‘ओव्हररेटेड’ हा शब्द बॉलपेक्षा जास्त फिरतो. त्याच्या यादीत पहिला रूडी गोबेर.

“का रे?” मी विचारलं.

“मावशी, त्याला काही येतच नाही. शूट करता येत नाही, ड्रिबल करता येत नाही. नुसता उंच आहे यार.”

“त्याचा एक पूर्ण सामना पाहिलायस?”

तो हसला. उत्तर मला ठाऊक होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात इथे पहाटे साडेपाचला लागतो. पावणेसातला शाळेची बस. पश्चिम किनाऱ्यावरचा सामना साडेआठला, तेव्हा पहिला तास चालू असतो. म्हणजे भारतातल्या शाळकरी मुलाला एनबीए भेटते ती फोनवरच्या वीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांतून, बसमध्ये किंवा मेट्रोत. त्या तुकड्यात काय दिसतं? डंक, लांबून टाकलेली तीन गुणांची बास्केट, कुणाला तरी पायांत पाय अडकवून पाडलेलं. गोबेर जे करतो ते त्यात दिसूच शकत नाही, कारण तो जे करतो त्याचा परिणाम म्हणजे काहीतरी न घडणं. समोरचा आत घुसायला निघतो, गोबेरला बास्केटखाली पाहतो आणि बॉल परत बाहेर देतो. याची क्लिप कोण काढणार? बचावासाठीचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा पुरस्कार त्याला चार वेळा मिळाला: २०१८, २०१९, २०२१, २०२४. आणि त्याच २०२४ च्या वसंतात ‘द ॲथलेटिक’ने एनबीएच्या खेळाडूंचं नाव न छापता मत घेतलं, तेव्हा सर्वांत ओव्हररेटेड म्हणून सगळ्यात जास्त मतं गोबेरलाच. म्हणजे हे फक्त नोएडाच्या पोरांचं अज्ञान नाही. रोज त्याच्याविरुद्ध खेळणारेही तेच म्हणतात. मी भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “बघ, मी म्हटलं नव्हतं?”

तेव्हा त्या मतदानाचंच पुढचं वर्ष सांगते. २०२५ च्या एप्रिलमध्ये तोच प्रश्न, तीच पद्धत. या वेळी पहिला आला इंडियाना पेसर्सचा टायरिस हॅलिबर्टन, सुमारे १४ टक्के मतं घेऊन. सातांतल्या सहा जणांनी त्याचं नाव घेतलेलं नव्हतं, पण बातमीचा मथळा ‘सहकाऱ्यांच्या मते सर्वांत ओव्हररेटेड’ असाच झाला. त्यानंतरच्या दोन महिन्यांत बाद फेरीच्या चारही मालिकांत एकेकदा, शेवटच्या दोन सेकंदांच्या आत, त्याने सामना जिंकून देणारी किंवा बरोबरीत आणणारी बास्केट टाकली. अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात तर तीन दशांश सेकंद उरले होते. सातव्या सामन्यात पायाची शीर तुटून तो पडला आणि इंडियाना हरलं. मत देणारे खेळाडू कोण होते ते आजही गुप्त आहे. ज्याला मोजलं त्याचं नाव जगभर. मोजणाऱ्याचं नाव कुठेही नाही. यालाच मी कर्ता गायब होणं म्हणते.

या हॅलिबर्टनला पेसर्सकडे कुणी जाऊ दिलं, हा मराठी वाचकासाठी खास प्रश्न आहे. २०२० मध्ये बाराव्या क्रमांकावर त्याला घेतलं होतं सॅक्रामेंटो किंग्जने, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनीच त्याला देऊन डोमांटस सबोनिसला आणलं. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले. २०१३ मध्ये त्यांनी संघ घेतला तेव्हा आडनाव वाचून कितीतरी मराठी कान टवकारले. सिम भुल्लरला घेणारा संघ हाच. २०१९ च्या ऑक्टोबरात भारतातले पहिले एनबीए सामने वरळीच्या इनडोअर स्टेडियममध्ये झाले तेही याच किंग्जचे, आणि समोर होते नेमके इंडियाना पेसर्स. पहिल्या दिवशी स्टेडियम शाळकरी मुलांनी भरलेलं. जादा वेळेत पेसर्स १३२-१३१ ने जिंकले.

आपण रणदिव्यांना ‘आपला माणूस’ म्हणून डोक्यावर घेतलं. आणि त्यांच्या संघाने? २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगलीला घेतलं आणि लुका डॉन्चिचला सोडलं, जो एकोणिसाव्या वर्षी रेआल माद्रिदबरोबर युरोलीग जिंकून तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता. तो पुढच्याच वर्षी एनबीएचा सर्वोत्तम नवोदित झाला, डॅलसकडून. बॅगली त्या मानाने साधाच निघाला, आणि आता कुणीही त्याला ओव्हररेटेड म्हणतं. पण बॅगलीने काय केलं होतं? त्याने कुणाला सांगितलं होतं का की मला डॉन्चिचच्या आधी घ्या? त्याचं रेटिंग सॅक्रामेंटोच्या एका खोलीत झालं; शिक्का त्याच्या कपाळावर. न्यायाने हेही सांगायला हवं की सबोनिस आल्यावर २०२३ मध्ये किंग्ज सोळा हंगामांनी बाद फेरीत पोचले. सगळे अंदाज चुकले असं मी म्हणत नाही. अंदाज चुकला की बिल कुणाच्या नावावर फाडलं जातं, एवढंच विचारतेय.

आपल्या राजधानीच्या अंगणातली गोष्ट तर ताजी आहे. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडाच्या जेपी ग्रीन्समध्ये एनबीएची भारतातली अकादमी सुरू झाली. माझ्या भाच्याच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत. तिथून बाहेर पडलेला प्रिन्सपाल सिंग २०२१ च्या उन्हाळ्यात लास व्हेगासच्या समर लीगमध्ये पुन्हा त्याच किंग्जच्या संघात होता आणि किंग्जने ती समर लीग जिंकली. समर लीग म्हणजे नवख्यांची परीक्षा. नावाजलेले खेळाडू तिथे फिरकत नाहीत. आपल्याकडे बातमी आली ती ‘एनबीए विजेतेपद जिंकणारा पहिला भारतीय’ या थाटात. ‘समर लीग’ हे दोन शब्द मजकुरात खाली खाली सरकत गेले. सहा वर्षांपूर्वी मी ‘निवड’ लिहून जे केलं तेच नव्याने, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून, दुसऱ्या कुणा उंच पंजाबी मुलाच्या नावावर. पुढे कधीतरी कुठल्यातरी गच्चीवर त्याचंही नाव निघेल.

आणि जे खरोखर घडलं त्याचं काय? २०१४ च्या जुलैमध्ये वुहानला फिबा आशिया चषकात भारताने चीनला चीनमध्ये ६५-५८ ने हरवलं. चीनचा तो पहिल्या फळीचा संघ नव्हता हे मान्य, तरी चीन. विशेष भृगुवंशी, अमज्योत सिंग, अमृतपाल सिंग. त्या संघाचे प्रशिक्षक स्कॉट फ्लेमिंग पुढे याच ग्रेटर नोएडाच्या अकादमीत आले. त्या विजयाची पुस्तिका करायला मला कुणी फोन केला नाही.

बायकांचं तर विचारूच नका. कोजागिरीच्या गच्चीवर चार पुणेकर होते. मी विचारलं, शिरीन लिमये कोण? एकाने गायिका म्हटलं. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली ही मुलगी पुण्याची. २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं दोन गुणांनी हरवून अ गटात प्रवेश मिळवला होता. त्याही आधी, २०११ मध्ये, केरळची गीतू ॲना जोस. तिला अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएमधल्या तीन संघांनी चाचणीला बोलावलं होतं: शिकागो, लॉस एंजेलिस, सॅन अँटोनियो. सतनामच्या चार वर्षं आधी. त्यापूर्वी ती ऑस्ट्रेलियात खेळून आलेली होती, म्हणजे मधला जिना तिने स्वतः बांधला होता. संघात घेतलं नाही, पण ‘गेली’ तर तीही होती. तिला कुणी ओव्हररेटेड म्हणत नाही. अंडररेटेडही म्हणत नाही. तिला कुणी मोजायलाच घेतलं नाही. या सगळ्या वादाचा मला राग येतो तो इथे: ज्यांना कॅमेऱ्याने आधी फुगवलं त्यांचीच हवा काढण्यात आपली सगळी चिकित्सक बुद्धी खर्च होते, आणि ती खर्च केल्यावर आपण जाणकार म्हणून दुधाचा दुसरा पेला घेतो.

आपल्या साहित्याच्या दुकानातही हेच चालतं, आणि आपण तिथे भाच्यापेक्षा शहाणे नाही. दुसऱ्या भाषेतल्या लेखकाचा दहा पानांचा अनुवादित उतारा वाचायचा आणि चर्चासत्राच्या चहाला म्हणायचं, “थोडा ओव्हररेटेडच आहे, नाही?” तो उतारा कुणी निवडला, घाईत कुणी भाषांतरित केला, शब्दाला किती पैसे मिळाले, हे चहाला कुणी विचारत नाही. मी अशा चहांना गेले आहे, आणि म्हटलेलंही आहे.

कोजागिरीनंतरच्या रविवारी जुन्या हार्डडिस्कवर ती पुस्तिका शोधून काढली. भाचा शेजारीच होता. पहिल्या पानावर माझं वाक्य होतं: ‘सतनामची एनबीएमध्ये निवड झाली!’ उद्गारचिन्ह मुळात नव्हतं, ते माझंच. ते खोडून मी लिहिलं: ‘सतनामशी करार करण्याचा हक्क डॅलसच्या संघाने घेतला आहे, त्याला संघात जागा मिळेल की नाही, हे अजून ठरायचं आहे.’ चार शब्दांचे अठरा झाले. दर मूळ इंग्रजी शब्दांवर होता, त्यामुळे जास्तीचे चौदा फुकटात गेले असते.

भाच्याने वाचलं. “मावशी, हे फार बोरिंग आहे.”

“हो.”

“पण मग तो फेल कुठे झाला?”

मी म्हटलं, तेच तर. तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला, मग बॉल उचलून खाली गेला. खिडकीतून आवाज येत होता. पाच मिनिटांत कुणीतरी कुणाला तरी ओव्हररेटेड म्हणालंच. कोण म्हणालं ते वरून दिसलं नाही.